विंचवाचे बिऱ्हाड : भंडाऱ्यातला दौऱ्याचा तंबू, बैलबंडी आणि आजचा कॅम्पर ट्रेलर

१/
मोटारीमागे जोडून न्यायचे छोटे घर, म्हणजे कॅम्पर ट्रेलर, विकत घ्यावे की नाही, हा प्रश्न भटकंतीची आवड असलेल्या अनेक तरुणांना आज पडतो. हॉटेल शोधावे लागत नाही, मन मानेल तिथे थांबता येते, हे त्याचे गुण. किंमत, वजन आणि वर्षातले बहुतेक महिने अंगणात उभे राहणारे धूड, हे दोष. प्रश्न नवा वाटतो. परंतु भंडारा जिल्ह्याने तो दीडशे वर्षांपूर्वी बैलांच्या चालीने अनुभवलेला आहे. दर हिवाळ्यात जिल्ह्याचा इंग्रज अधिकारी आपले घर, कचेरी आणि मुदपाकखाना बंड्यांवर लादून गावोगाव फिरत असे. फिरत्या घराचे सारे फायदे त्या व्यवस्थेत होते आणि सारे तोटेही. मात्र फायदे एकाच्या वाट्याला येत आणि तोट्यांचा मोठा भाग दुसऱ्याच्या अंगावर पडे. त्या हिशेबाचा हा धागा.

२/
आरंभ शब्दापासून करणे योग्य ठरेल. ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द फारसी ‘कारवान’पासून आला. त्याचा मूळ अर्थ घर नव्हे, तर एकत्र प्रवास करणारा तांडा. युरोपात गेल्यावर तो आधी आच्छादित गाडीला आणि नंतर चाकांवरच्या घराला लागला. मध्य भारतात ‘तांडा’ म्हटले की बंजारे आठवतात. लोहमार्ग येण्यापूर्वी छत्तीसगडचे धान्य पश्चिमेकडे आणि मीठ पूर्वेकडे नेणारी वाहतूक मुख्यतः त्यांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे, आणि नागपूर–रायपूर वाटेवरचा भंडारा हा तिचा टप्पा होता. बंजाऱ्यांचे बिऱ्हाडही त्याच पाठींवर चाले. चाक ठाऊक नव्हते असे नाही; चाकाला रस्ता लागतो आणि रस्ता बहुतेक ठिकाणी नव्हता. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण अस्थिर संसारासाठी वापरली जाते, पण तिच्यात प्रवासाचे एक सूत्रही दडलेले आहे: बिऱ्हाड पाठीवर मावेल एवढेच असावे.

३/
राज्यकर्त्यांना हे सूत्र मानवणारे नव्हते. अकबराची छावणी हलवण्यासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत, असा हिशेब ‘आईन-इ-अकबरी’त दिलेला आहे. १६६४ च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निए त्या लवाजम्यासोबत होता. त्याने ‘पेशखान्या’चे वर्णन केले आहे. बादशहासाठी तंबूंचे दोन पूर्ण संच असत. एका संचात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या ठिकाणी रवाना होई, म्हणजे बादशहा पोहोचेपर्यंत तिथे निवारा उभा असे. फिरत्या घराचा पहिला छुपा खर्च इथे दिसतो. घर आपल्याबरोबरच फिरत राहिले, तर पोहोचल्यावर विसावा मिळत नाही, उभारणीचे काम मिळते. तो टाळायचा असेल तर एका घराच्या जागी दोन घरे लागतात.

४/
मराठी राजवटींनीही हा थाट आपलासा केला. राज्याच्या अठरा कारखान्यांत ‘फरासखान्या’ची गणना होते. तंबू, राहुट्या, कनाती, बिछायती यांची व्यवस्था पाहणारे हे खाते. पुण्यातील फरासखान्याच्या नावात त्याची आठवण अजून टिकून आहे. वैनगंगेकाठचा भंडारा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये डलहौसीने ते राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. भंडारा, साकोली आणि तिरोडा (पुढे गोंदिया) अशा तीन तहसिलींचा भंडारा जिल्हा त्या प्रांतात आला. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता, हे पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

५/
असा जिल्हा कचेरीत बसून चालवता येण्याजोगा नव्हता. जमीन भाताची. कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी बांधलेले तलाव व बोड्या गावोगाव पसरलेल्या. पीक, पाणी आणि सारा यांचा संबंध इतका घट्ट की तलावाची पाळ पाहिल्याखेरीज साऱ्याचा वाद कळत नसे. नागपूरहून भंडारा, साकोलीवरून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड ही एक मोठी सडक होती. नागपूर–छत्तीसगड लोहमार्ग १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पूर्ण झाला, पण भंडारा रोड स्थानक आले वरठीला, शहरापासून काही मैल दूर. सडक आणि रूळ सोडले की उरत ते पांदण रस्ते. तिथे ना सराई, ना साहेबाला उतरता येईल असा बंगला. मुक्काम करायचा तर निवारा सोबत नेणे भाग होते.

६/
म्हणून पावसाळा सरून वाटा वाळल्या की दौरा सुरू होई. नोव्हेंबर ते फेब्रुवारी–मार्च हा त्याचा हंगाम. वरिष्ठ अधिकाऱ्यापाशी तंबूंचे दोन संच असत. मोगलांचा पेशखाना नाव बदलून चालूच होता. बैलबंडीचा वेग ताशी साधारण दोन मैल. दहा-बारा मैलांच्या मजलेला पाच-सहा तास लागत, त्यामुळे बंड्या बहुधा रात्रीच मार्गस्थ होत. सकाळी साहेब घोड्यावरून निघे, वाटेतली गावे पाहत पुढच्या अमराईत पोहोचे आणि तिथे टेबल मांडलेले असे. जागा निवडण्याचे नियम साधे होते: सावली, तलावाचे किंवा विहिरीचे पाणी आणि बंड्या लागतील एवढी सपाट जमीन. आजचा ट्रेलरवाला मुक्कामाची जागा शोधताना हीच तीन उत्तरे शोधत असतो.

७/
या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा घोड्यात होता. तंबू एका जागी उभा राही आणि अधिकारी मोकळा होऊन भोवतालची पाच-सात गावे पाहून येई. कॅम्पर ट्रेलर आणि मोटार-कॅरॅव्हॅन यांच्यातला आजचा फरक नेमका हाच आहे. मोटार-कॅरॅव्हॅनमध्ये घर आणि गाडी एकजीव असतात. भाजी आणायला निघाले तरी पलंग सोबत येतो. ट्रेलर मात्र मुक्कामावर सोडून ठेवता येतो आणि मोटार घोड्यासारखी मोकळी होते. एका ठिकाणी चार-पाच दिवस राहून परिसर पाहणाऱ्यासाठी ट्रेलर सोयीचा. रोज नवे गाव गाठणाऱ्यासाठी तो ओझे, कारण रोजची जोडणी, सोडणी आणि समतोल साधणे चुकत नाही. दोन संच बाळगण्याची ऐपत बादशहाला होती, पर्यटकाला नसते.

८/
दुसरा फायदा रात्रीचा. दिवसा गावात येणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मालगुजार आणि पटवारी उभे राहत. मुक्काम पडला की संध्याकाळी कूळ, कोतवाल, पाणीवाटपाच्या तक्रारी घेऊन आलेली माणसे अमराईच्या कडेला जमत. दौऱ्यांतून माहितीचे मोठे साठे तयार झाले. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. त्याआधी रॉबर्ट स्टर्नडेल यांनी तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याला उत्तरेस लागून असलेल्या शिवनीतील छावणी-जीवनावर १८७७ मध्ये पुस्तक लिहिले; त्याचे नावच ‘शिवनी, अथवा सातपुड्यातील छावणी-जीवन’ अशा अर्थाचे आहे. या लेखनात पूर्वग्रह भरपूर आहेत, पण ते मुक्कामाविना लिहिले जाऊ शकले नसते.

९/
या तंबूंच्या कापडालाही एक इतिहास आहे. मध्य प्रांतातच, जबलपूरला, १८३० च्या दशकात ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. ठग म्हणून पकडलेले आणि माफीचे साक्षीदार झालेले कैदी व त्यांची मुले तिथे तंबू आणि सतरंज्या बनवत. वाटसरूंना वाटेत गाठून मारल्याचा ज्यांच्यावर आरोप, त्यांच्याच हातचा निवारा घेऊन सरकारी वाटसरू निर्धास्त फिरू लागले. ठगांविषयीच्या सरकारी दाव्यांवर इतिहासकारांत मतभेद आहेत. संस्था आणि तिचे तंबू यांबद्दल मात्र वाद नाही. सुरक्षित प्रवास हा केवळ घट्ट दोऱ्यांचा प्रश्न नसतो. त्यामागे एक सत्ताही उभी असते, हे यातून उमगते.

१०/
आता तोट्यांकडे वळू. पहिला तोटा जमिनीचा. भाताच्या शेतीत दर बांधीला धुरे असतात. कापसाच्या किंवा ज्वारीच्या रानासारखी इथे बंडी आडवी घालता येत नाही; पांदण जाईल तिकडेच जावे लागते. नदीचे पात्र ओलांडताना वाळूत चाके रुतत आणि दुसरी बैलजोडी जोडावी लागे. दव पडून भिजलेले तंबूचे कापड कोरड्यापेक्षा पुष्कळ जड होई. सामान लादण्याचेही शास्त्र होते. मागे भार जास्त झाला की बंडी उलाळ होई, म्हणजे जू वर उचलले जाई. पुढे जास्त झाला तर सारा दाब बैलांच्या मानेवर येई.

ट्रेलरला हाच नियम लागू आहे. मागे वजन जास्त ठेवले तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि मोटारीलाही ओढतो. पुढे जास्त ठेवले तर मोटारीचा मागचा भाग दबतो. गाडीवानाला चुकीची शिक्षा दोन मैलांच्या वेगाने मिळे. महामार्गावर ती ऐंशी किलोमीटरच्या वेगाने मिळते.

११/
दुसरा तोटा पंचांगाचा, आणि तो अधिक गंभीर. दौऱ्याचा हंगाम नोव्हेंबरात उघडे. भंडाऱ्यातले भारी धान कापणीला येते तेही तेव्हाच. कापलेले धान बांधीतून खळ्यावर आणण्यासाठी शेतकऱ्याला ज्या दिवसांत बंडी आणि बैल हवे असत, त्याच दिवसांत ते साहेबाच्या तंबूंसाठी मागितले जात. तंबू सरकारी असत. ते ओढणारे बैल बहुधा गावाचे. भाड्याचे दर ठरलेले असले, तरी मधल्या हातांतून ते पूर्णपणे गाडीवानापर्यंत पोहोचत नसे, ही तक्रार ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र ऐकू येई. शिवाय भाडे पुरे मिळाले, तरी उघड्या रानात पडून राहिलेल्या धानाची भरपाई त्यात नसे. घर एकाचे आणि बैल दुसऱ्याचे, असा हा व्यवहार होता.

१२/
तिसरा तोटा पाहुणचाराचा. छावणी गावात आली की दूध, कोंबड्या, सरपण आणि कडबा पुरवणे याला ‘रसद’ म्हणत. ओझी वाहणे, पाणी भरणे, वाट दाखवणे या कामांना ‘बेगार’. मराठी मुलखात तिचे नाव वेठबिगार. हे ओझे गावात समान वाटले जात नसे. ते उतरंडीने खाली सरके आणि शेवटी ज्याला नाही म्हणता येत नव्हते त्याच्या डोक्यावर येई. म्हणजे बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातींवर आणि भूमिहीनांवर.

पक्षकारांचे हाल निराळे. अधिकारी न्यायही देत असे, त्यामुळे खटल्याची तारीख लागे ती जिथे छावणी असेल तिथे. वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार शिधा बांधून छावणीमागे पायपीट करत. महसूल आणि न्याय ही कामे एकाच अधिकाऱ्याकडे नसावीत या राष्ट्रीय सभेच्या मागणीमागे जी कारणे दिली जात, त्यांत हे हालही होते. साहेबाचे घर फिरे. त्याच्यामागे इतरांना घर सोडावे लागे.

१३/
हे ओझे किती जाचक होते, याचे उत्तर डोंगराळ कुमाऊँने दिले. तिथे गाडीरस्तेच नसल्याने अधिकाऱ्यांचे तंबू माणसांच्या पाठीवरून जात आणि कोणत्या गावातून किती कुली यायचे याच्या वह्या ठेवलेल्या असत. डिसेंबर १९२० मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन नागपुरात, म्हणजे भंडाऱ्यापासून जेमतेम साठ किलोमीटरवर भरले आणि असहकाराचा ठराव तिथे संमत झाला. कुमाऊँचे प्रतिनिधी त्या अधिवेशनाला आले होते. परत गेल्यावर १४ जानेवारी १९२१ रोजी बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत, बद्रीदत्त पांडे यांच्या पुढाकाराने, त्या वह्या सरयू नदीत फेकण्यात आल्या आणि यापुढे बेगार न करण्याची शपथ घेण्यात आली. सरकारला ती पद्धत सोडावी लागली. साहेबाचे ओझे वाहण्यास नकार, हे स्वातंत्र्य-चळवळीतले एक थेट आणि यशस्वी पाऊल ठरले.

१४/
छावणीच्या हिशेबात आणखी एक नोंद हवी. त्याच अमरायांजवळ, त्याच तलावांकाठी दुसरीही पाले पडत: बंजारे, घिसाडी, गारुडी आणि अनेक भटक्या समाजांची. त्यांचेही घर फिरते होते. परंतु साहेबाच्या फिरण्याला ‘दौरा’ म्हणत आणि यांच्या फिरण्याकडे संशयाने पाहिले जाई. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढली. ज्यांच्यावर तो लागू झाला, त्यांना हजेरी देणे आणि हालचालीस परवानगी घेणे सक्तीचे झाले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय कायद्याबरोबर संपला नाही. रस्त्याच्या कडेला उभे असलेले चाकांवरचे घर पाहून लोक कौतुकाने छायाचित्र काढतात की पोलिसांना कळवतात, हे आजही घर कसे आहे यापेक्षा घरात कोण आहे यावर ठरते.

१५/
तंबू बंडीवर लादण्याऐवजी घरालाच चाके का लावू नयेत, ही कल्पना त्या काळी सुचली नव्हती काय? सुचली होती, आणि तिचे नाट्यही भारतातच रंगवले गेले. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याच्या १८८० च्या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरे ओढत उत्तर भारतातून फिरतो. कथेत नानासाहेब पेशवेही येतात, आणि शेवटी हत्तीचा बॉयलर फुटतो तो मध्य प्रांतातल्या जबलपूरच्या वाटेवर.

ही केवळ कल्पनाही नव्हती. १८७० च्या दशकात आर. ई. बी. क्रॉम्प्टन या लष्करी अधिकाऱ्याने रबरी धावांची वाफेची इंजिने पंजाबात आणून ग्रँड ट्रंक रोडवर त्यांमागे गाड्या जोडून चालवल्या. प्रयोग टिकला नाही. व्हर्नच्या हत्तीला कागदावर सर्वत्र वाट मिळत होती. खऱ्या इंजिनाला पक्की सडक, पाणी आणि सरपण लागे. भाताच्या धुऱ्यांपुढे असा हत्ती पहिल्याच दिवशी अडला असता.

१६/
निव्वळ हौसेसाठी चाकांवरचे घर बनवून घेणारा पहिला नावाजलेला माणूस म्हणजे आरमारातून निवृत्त झालेला स्कॉटिश शल्यचिकित्सक व लेखक गॉर्डन स्टेबल्स. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टलच्या वॅगन-कारखान्यात ‘वाँडरर’ नावाचे घर बांधून घेतले आणि दोन घोडे जोडून दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. भरल्या घराचे वजन सुमारे दोन टन. सोबत गाडीवान होता आणि एक नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन वाट व मुक्कामाची जागा पाहून ठेवी. पेशखाना इथेही चुकला नाही. फक्त हत्तींच्या जागी सायकल आली. मोटारीमागे जोडण्याची घरे विक्रीसाठी बनू लागली ती पहिल्या महायुद्धानंतर; बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने १९१९ पासून ती बाजारात आणली. स्टेबल्सचे वेगळेपण एका गोष्टीत आहे. शेतकऱ्याच्या रानात उतरायचे तर त्याला परवानगी विचारावी लागे, आणि शेतकरी नाही म्हणू शकत होता. भंडाऱ्यातल्या अमराईच्या मालकाला ती मुभा नव्हती.

१७/
मध्य प्रांतात तंबूंची सद्दी दोन गोष्टींनी संपवली. पहिली, ठिकठिकाणी बांधलेले डाक बंगले आणि विश्रामगृहे. निवारा आधीच तयार असल्याने बंड्या कमी लागू लागल्या आणि गावावरचा भार हलका झाला. पण बंगले सडकेला धरून होते, त्यामुळे दौराही सडकेला चिकटला. दुसरी गोष्ट मोटार. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अधिकारी सकाळी निघून संध्याकाळी मुख्यालयी परतू लागला. बेगार घटली, हा मोठा लाभ. गेली ती मुक्कामाची रात्र. पुढे अनेक निवृत्त अधिकाऱ्यांनी आठवणींत हळहळ व्यक्त केली ती याच रात्रीबद्दल. बैल देणाऱ्याने ती केल्याचे दिसत नाही.

फिरते घर नसतानाही मुक्काम साधतो, याचे उदाहरण याच भूमीत आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या जंगलात एका जागी राहून लिहिले गेले. चाकांपेक्षा तिथे दिवस महत्त्वाचे ठरले.

१८/
आजचा भंडारा फिरस्त्याला अनुकूल आहे. जुना ग्रेट ईस्टर्न रोड आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. पवनीजवळ गोसीखुर्दचे विस्तीर्ण जलाशय आहे. नवेगाव–नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. मालगुजारांचे तलाव ‘मामा तलाव’ या नावाने अजून शेतीला पाणी देतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले. केंद्राच्या वाहन-वर्गीकरणात खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर-वाहतूक वाहनांत मोडतो.

तरी जमीन आणि पंचांग बदललेले नाही. महामार्ग सोडला की पांदण रस्ते तसेच अरुंद आहेत. मोटारीचे चाक ज्या बाजूला वळवावे, त्याच्या उलट बाजूला मागे येताना ट्रेलर वळतो. म्हणून परतायला जागा नसलेल्या पांदणीत शिरणे ही चैन नव्हे. पावसाळ्याचे चार महिने चिखलाचे आणि एप्रिल-मेचा विदर्भी उन्हाळा पत्र्याच्या घरात काढणे कठीण. उरतो तोच साहेबाचा हंगाम. आणि त्या हंगामात वाटेवर धानाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, खळी असतात. वाट आधी त्यांची आहे.

१९/
मग घ्यावा की न घ्यावा? दीडशे वर्षांचा अनुभव काही निकष देतो.

मुक्काम लांब असेल आणि भोवती पाहण्याजोगे पुष्कळ असेल, तर ट्रेलर उत्तम. रोज जागा बदलायची असेल तर तंबू किंवा विश्रामगृह बरे. जिथे निवाराच नाही अशा भागांत फिरायचे असेल तर स्वतःचे घर उपयोगी. सडकेवरच्या गावांतच फिरायचे असेल तर त्याचे ओझे कशासाठी? वर्षात दोन-तीन आठवडेच सवड मिळत असेल, तर भाड्याने घेणे शहाणपणाचे, कारण उभे घरही जागा, देखभाल आणि विमा मागते. ओढणाऱ्या मोटारीची क्षमता खरेदीपूर्वी तपासावी, घर घेतल्यावर नव्हे. बंडी पाहून बैल निवडत नसत, बैल पाहून बंडी भरत.

२०/
शेवटचा निकष जमाखर्चाच्या वहीत सहसा येत नाही. साहेबाची छावणी स्वस्त वाटे, कारण तिचे पाणी, सरपण, बैल आणि श्रम दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर पडत. ट्रेलरला बेगार लागत नाही. पण पाणी कुठल्या तरी विहिरीचे किंवा नळाचे लागते, सांडपाणी आणि मैला कुठे तरी रिकामा करावा लागतो आणि रात्र कुणाच्या तरी जमिनीवर काढावी लागते. तलावाच्या पाळीवर गाडी लावून सांडपाणी उतारावर सोडले, तर ते त्या पाण्यावर जगणाऱ्या बांध्यांत जाते. मालकाला विचारून थांबले, जागेचे आणि पाण्याचे दाम दिले, कचरा सोबत नेला, तर फिरत्या घराचा जुना दोष बराचसा निवतो. हा खर्च स्वतः उचलण्याची तयारी असेल, तर कॅम्पर ट्रेलर घ्यायला हरकत नाही. ती नसेल, तर भंडाऱ्याच्या सडकेवर विश्रामगृहे आहेत, आणि ती दीडशे वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांनाही अधिक परवडली असती.